रामजींनी भीमाला आधी झोपू दिलं होतं

मागच्या महिन्यात बिरवाडीच्या नाक्यावर एका तरुण कार्यकर्त्याने मला गाठलं. "दादा, हल्ली रात्रीच्या बैठकांना दिसत नाही तुम्ही. चळवळ सोडली की काय?" बरोबरची दोन पोरं हसली, मीही हसलो. पण वाडीवर पोहोचेपर्यंत तो प्रश्न डोक्यातून गेला नाही. तेव्हा उत्तर देता आलं नाही, म्हणून इथे लिहितो आहे.

चळवळ सोडलेली नाही. रात्री साडेनऊनंतर मी बैठकीला बसत नाही, एवढंच. कारण जवळजवळ तीन वर्षं मला झोप नव्हती आणि झोपेच्या गोळ्या घेऊनही ती आली नाही.

हे उघडपणे लिहायला संकोच वाटतो. आपल्यात गुडघा दुखतो म्हणून सांगतात, साखर वाढली म्हणून सांगतात. झोप येत नाही म्हटलं की समोरचा "टेन्शन घेऊ नका" म्हणतो आणि विषय संपतो. कार्यकर्त्याने तर हे बोलायचंच नसतं. दुसऱ्यांना जागं करायला निघालेला माणूस स्वतःच्या झोपेची तक्रार काय करणार?

सुरुवात कुठे झाली ते मला नेमकं ठाऊक आहे. २१ जुलै २०२१ ची रात्र. आमच्या घरावर पत्रे आहेत. त्या रात्री पत्र्यावरच्या पावसात शेजारी बसलेल्या माणसाचा आवाज ऐकू येत नव्हता. काळ, सावित्री, गांधारी तिन्ही नद्या फुगल्या होत्या. दुसऱ्या दिवशी महाड शहर पाण्यात होतं, आणि त्याच दिवशी आपल्या तालुक्यातल्या तळिये गावावर डोंगर खाली आला. ऐंशीहून जास्त माणसं गेली. रस्ते बंद होते. आम्ही काही जण जमेल तसे, चिखल तुडवत मदतीला गेलो. तिथे जे पाहिलं ते लिहिणार नाही. ज्यांची माणसं गेली त्यांचं ते आहे.

त्यानंतर पत्र्यावर सर आली की मी उठून बसायचो. यात नवल काही नव्हतं. या तालुक्याला पावसाच्या रात्रीची भीती नवी नाही. २००५ च्या जुलैत दासगाव, जुई, रोहन, कोंडिवते इथे दरडी कोसळल्या. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री सावित्रीवरचा ब्रिटिशकालीन पूल वाहून गेला आणि त्याच्याबरोबर एसटीच्या दोन गाड्या माणसांसकट गेल्या. ज्याच्या घरामागे डोंगर आणि समोर नदी आहे, त्याने पावसात जागं राहणं हा आजार नव्हे, शहाणपणा आहे.

पण मग डिसेंबर आला. आभाळ स्वच्छ, काळ नदी पायापुरती, आणि मी रात्री दोन वाजता टक्क जागा. मार्चमध्ये तेच, एप्रिलमध्ये तेच. पाऊस नाही, भीती नाही, तरी झोप नाही. हे मात्र मला कळेना. पलीकडून आईचा आवाज यायचा, "डोळा लागला का रे बाबा?" मी झोपेचं सोंग घेऊन गप्प राहायचो.

मी एमआयडीसीतल्या एका रासायनिक कारखान्यात कंत्राटी कामगार आहे. दर आठवड्याला पाळी बदलते. फर्स्ट, सेकंड, नाईट. रात्रपाळीहून सकाळी घरी यायचं तर ऊन पडलेलं, पत्रे तापलेले, शेजारी लग्नाचा नाहीतर निवडणुकीचा भोंगा. असं काम करणारे या परिसरात कितीतरी आहेत आणि सगळ्यांचीच झोप गेलेली नाही, म्हणून सगळा दोष पाळीवर टाकत नाही. पण जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००७ मध्येच रात्रपाळीच्या कामाला "बहुधा कर्करोगकारक" अशा गटात टाकलं आहे, हेही आपल्या पोरांना माहीत असावं.

२०२२ च्या उन्हाळ्यात मला गोळी मिळाली. पहिला आठवडा तर वाटलं देव भेटला. देव मी मानत नाही, तरी वाटलं. नऊला गोळी, साडेनऊला गाढ. दोन महिन्यांत अर्धीची एक झाली, पावसाळा संपेपर्यंत एकीच्या दोन. मग ती बदलून दुसरी. तिचंही तसंच. रात्री दोन-तीन तास गुंगी आणि सकाळी डोक्यात ओलं पोतं भरल्यासारखं. पुढे पुढे तर डॉक्टरकडे जाणंही बंद झालं. दुकानदार तोंड बघूनच पाकीट पुढे सरकवायचा. अल्प्राझोलाम, झोल्पिडेम ही औषधं एच-वन अनुसूचीत आहेत. चिठ्ठीशिवाय ती देता येत नाहीत आणि दुकानाने त्यांची वेगळ्या वहीत नोंद करून ती तीन वर्षं जपायची असते. हे मला नंतर कळलं. तेव्हा कळलं असतं तरी मी तक्रार केली नसती. मला गोळी हवी होती.

आता त्या पोराला जे सांगायचं आहे त्याकडे येतो. या सगळ्या काळात चळवळीत माझं नाव वाढत होतं. रात्री तीनला ग्रुपवर माझी पोस्ट असायची. कोणी लिहायचं, "दादा झोपतात कधी?" खाली पंचवीस निळे झेंडे. १९ मार्चच्या रात्री चवदार तळ्यावर लोक येऊ लागले की पाणी द्यायला, जेवण वाढायला, हरवलेल्या म्हाताऱ्यांना त्यांच्या गाडीपर्यंत सोडायला मी सकाळपर्यंत उभा. आणि जयंतीच्या भाषणात मी तोच किस्सा सांगायचो जो तुम्ही शंभरदा ऐकला असेल: बाकीचे पुढारी झोपले कारण त्यांचा समाज जागा आहे, बाबासाहेब जागे कारण त्यांचा समाज झोपलेला आहे. हमखास टाळ्या. टाळ्या घेताना मनात कुठेतरी वाटायचं की मीही त्याच रांगेतला. आजाराला मी पदक करून छातीवर लावलं होतं. ज्याचा अभिमान वाटतो त्यावर माणूस इलाज कशाला करील?

इलाज करायला लावला तो एका रात्रपाळीने. रिॲक्टरचं तापमान बघत उभा होतो. उभ्या उभ्या डोळा लागला. किती वेळ, सांगता येत नाही. शेजारच्या ऑपरेटरने धावत येऊन वॉल्व्ह फिरवला म्हणून काही झालं नाही. तो मला काही बोलला नाही. नंतर चहा पिताना त्याचा हात थरथरत होता, तो मी पाहिला.

त्या सकाळी मी सगळ्या गोळ्या संडासात टाकल्या. हा दुसरा गाढवपणा. तीन रात्री डोळ्याला डोळा नाही, छातीत धडधड, अंगाला घाम. कुणी असं करू नये. महिनोन्‌महिने घेतलेली गोळी एकदम तोडली तर झोप होती त्याहून वाईट होते आणि काहींना झटकेही येऊ शकतात. बायकोने धाकट्या भावाला बरोबर दिलं आणि आम्ही मुंबईची एसटी धरली. तो महामार्ग आमचं वय संपलं तरी पूर्ण होणार नाही. त्या प्रवासात निरोगी माणसालाही झोप लागली नसती.

मोठ्या सरकारी रुग्णालयात मनोविकार विभागाच्या रांगेत उभं राहिलो. ओळखीचं कोणी दिसू नये म्हणून मी टोपी खाली ओढून घेतली होती. जात विचारली की मान वर करून सांगणारा माणूस मी. तिथे मात्र टोपी खाली.

डॉक्टर बाई तरुण होत्या. त्यांनी आधी गोळी पुन्हा सुरू केली, कमी प्रमाणात, आणि ती हळूहळू कशी उतरवायची ते लिहून दिलं. पाच महिने लागले उतरायला, दर वेळी चतकोर. मग विचारलं, "झोप आली नाही की तुम्ही काय करता?" मी सांगितलं. लवकर आडवा होतो, म्हणजे कधीतरी लागेल. सुट्टीच्या दिवशी उशिरापर्यंत पडून राहतो. दुपारी जेवून तास-दोन तास लवंडतो. रात्री मोबाईलवर वेळ बघतो, आता किती तास उरले ते मोजतो. त्या म्हणाल्या, "पावसाने तुमची झोप मोडली होती. आता ती तुमच्या या उपायांनी मोडलेली राहिली आहे."

मला राग आला. तीन वर्षं मी झोपेसाठी धडपडतो आहे आणि ही बाई म्हणते धडपडच आजार आहे. पण त्यांनी कागदावर मांडून दाखवलं. आर्थर स्पीलमन नावाच्या मानसशास्त्रज्ञाने निद्रानाशाची कारणं तीन थरांत मांडली होती. एक, माणसाचा मुळातला स्वभाव. दोन, झोप मोडणारी घटना. तीन, घटना सरल्यावरही आजार चालू ठेवणाऱ्या सवयी. माझ्या बाबतीत दुसरा थर तळियेचा होता, तिसरा मी रचला होता. गोळी या तिसऱ्या थराला हातच लावत नाही. म्हणून ती चालेनाशी झाली आणि मी समजत होतो की माझाच मेंदू नासला. निद्रानाशावर पहिला उपचार गोळी नसून सवयी आणि विचार बदलण्याची पद्धत असावी, असं अमेरिकेतल्या डॉक्टरांच्या मोठ्या संघटनेने २०१६ मध्ये सांगून ठेवलं आहे. आपल्या तालुक्यात ते कुणी सांगितलं नव्हतं.

दोन आठवडे वही ठेवायला लावली. सरासरी निघाली ती अशी: अंथरुणात साडेनऊ तास, झोप सव्वापाच तास. मग हुकूम आला. अंथरुणात फक्त रात्री बारा ते पहाटे साडेपाच. त्याआधी पाठ टेकायची नाही. बाराला गेल्यावरही झोप आली नाही तर उठून बाहेर बसायचं, डोळे मिटायला लागले की परत जायचं. दुपारी लवंडणं बंद. घड्याळ उलटं. अंथरूण झोपेसाठी, विचार करायला ओटा आहे. मी म्हटलं, "डॉक्टर, भुकेल्याच्या ताटातली भाकरी काढून घेताय." त्या म्हणाल्या, "भूक लागू द्या तर खरी."

अंथरूण आणि जागेपण यांची जोडी तोडण्याची ही रीत रिचर्ड बूटझिनने १९७२ मध्ये मांडली, वेळ कापण्याची स्पीलमनने १९८७ मध्ये. दोन्ही फुकट आहेत. पण त्या कागदात एक गोष्ट गृहीत धरलेली आहे: माणसाला रोज ठरावीक वेळी झोपता-उठता येतं. कंत्राटी कामगाराला येतं का? पाळी बदलून मागायला गेलो तर सुपरवायझर म्हणाला, "झोपेसाठी शिफ्ट बदलून मागतोस? उद्या स्वप्नासाठी सुट्टी मागशील." डॉक्टरांनी तर बजावलं होतं की सुरुवातीचे आठवडे दिवसा पेंग येणार, तेव्हा मोटरसायकल चालवायची नाही आणि रिॲक्टरजवळ एकट्याने उभं राहायचं नाही. शेवटी तोडगा निघाला तो आमचा आम्हीच काढला. दोघा सहकाऱ्यांनी सहा आठवडे माझ्या सेकंड आणि नाईट घेतल्या. त्यांतला एक तोच, ज्याने वॉल्व्ह फिरवला होता. मी फर्स्टला पॅकिंगमध्ये गेलो.

इथे थोडं थांबून एक गोष्ट सांगू द्या. बाबासाहेब व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूर मंत्री होते. १९४६ च्या दुरुस्तीने बारमाही कारखान्यांतल्या कामाचा आठवडा ५४ तासांवरून ४८ वर आला. आपण हे १ मे ला फलकावर लिहितो आणि पुढे जातो. कमी झालेल्या त्या सहा तासांत काय होतं, हा विचार मी कधी केला नव्हता. त्यात कामगाराची झोप होती. २०२५ च्या सप्टेंबरमध्ये राज्य मंत्रिमंडळाने कारखान्यातली रोजची मर्यादा ९ वरून १२ तासांवर नेण्याला मंजुरी दिली. आठवड्याचे ४८ तेवढेच राहतील असं सांगतात. बारा तास उभं राहून, तासभर प्रवास करून, पत्र्याखाली येऊन पडलेल्या माणसाला ते सांगून बघा. त्यावर आपल्या संघटनांनी किती मोर्चे काढले, मोजा.

पहिला आठवडा भयंकर गेला. रात्री दहा ते बारा हे दोन तास मी आयुष्यात कधी एवढे लांब पाहिले नव्हते. मोबाईल बंद. ओट्यावर खुर्ची टाकून बसायचो. कारखान्यांची घरघर, मधूनच येणारा तो आंबूस वास, वरंध घाटाच्या बाजूला जाणारी एखादी गाडी. बायको दहा मिनिटं बसायची, मग म्हणायची, "अहो, मी जाते, माझी झोप काही रागावलेली नाही." नवव्या रात्री बाराला आडवा झालो ते थेट चारला जाग आली. सलग चार तास, तेही चतकोर गोळी कमी करून. मी उठून बायकोला उठवलं. तिने शिव्या घातल्या, त्याही गोड लागल्या. मग अंथरुणातला बहुतेक वेळ झोपेत जाऊ लागला तसतशी दर आठवड्याला पाव पाव तासाने वेळ वाढवली.

या काळात सल्ले खूप आले. एकाने अश्वगंधा, एकाने दोन पेग, एका ज्येष्ठ धम्मबंधूने आनापान. आनापान मी केलं, आजही करतो. पण झोप यावी म्हणून श्वास पाहायला बसलात तर तुम्ही श्वास पाहत नसता, झोपेची वाट पाहत असता.

धम्माचा विषय निघालाच आहे म्हणून. अंगुत्तर निकायात हत्थक आळवकाची गोष्ट आहे. थंडीचे दिवस, गुरांच्या खुरांनी खडबडीत झालेली जमीन, पानांचं पातळ अंथरूण, अंगावर विरळ चीवर. अशा जागी बसलेल्या तथागतांना तो विचारतो, रात्री सुखाने झोपलात ना? आणि बुद्ध होय म्हणतात. जगात जे सुखाने झोपतात त्यांच्यात ते स्वतःला गणतात. आपल्या भाषणांत हा बुद्ध येत नाही. आपण "बुद्ध म्हणजे जागा झालेला" एवढंच सांगतो आणि त्या जागृतीचा संबंध रात्रीच्या जागरणाशी जोडून मोकळे होतो.

बाबासाहेबांचंही आपण तेच केलं. परळच्या चाळीतली एक खोली, त्यात सगळं घर, भांडी, सरपण. भीमा पहाटे दोनला उठून कंदिलाच्या उजेडात अभ्यास करायचा, हे आपण पोरांना सांगतो. अर्धी गोष्ट सांगतो. भीमा आधी लवकर झोपायचा. दोनपर्यंत जागत बसायचे ते रामजी सुभेदार. दोनला मुलाला उठवायचे आणि मग स्वतः पाठ टेकायचे. दोघांच्या झोपेला पुरेल एवढी जागा त्या खोलीत नव्हती, आणि बापाने पोराच्या झोपेवर पहारा दिला. या गोष्टीतून आपण रामजींना आणि झोपेला, दोघांनाही काढून टाकलं.

आणि १९४८. संविधानाचा मसुदा हातावेगळा होत होता, मधुमेह वाढलेला, पायांतल्या मज्जातंतूंच्या वेदनांनी रात्री झोप नाही, इन्सुलिन चालू. बाबासाहेब उपचारासाठी मुंबईला आले. तिथे डॉ. शारदा कबीर यांची भेट झाली आणि १५ एप्रिलला लग्न झालं. त्या लग्नावरून आपल्या चळवळीत किती भांडणं झाली ते सगळ्यांना ठाऊक आहे. मला त्यातलं एवढंच दिसतं की निद्रानाशाने गांजलेला एक माणूस डॉक्टरकडे गेला. त्याने त्याचा किस्सा केला नाही. किस्सा आपण केला.

आता मी कसा आहे? पावणेअकरा ते साडेपाच अंथरुणात, त्यात सहा तास झोप. महिन्यात एक आठवडा नाईट येतेच. तो आठवडा आणि पुढचे चार दिवस वाया जातात. जुलैत पत्रे वाजू लागले की अजूनही उठून बसतो, पण आता ओट्यावर जातो, काळ नदीचा आवाज ऐकतो, परत येतो. गोळी नाही. ज्यांना मुंबई गाठता येत नाही त्यांनी १४४१६ हा टेलिमानसचा फोन फिरवावा. सरकारी आहे, फुकट आहे, मराठीत बोलतात. आणि जे गोळीवर आहेत त्यांनी हा लेख वाचून ती बंद करू नये, डॉक्टरला विचारून उतरवावी.

पुढच्या वर्षी २० मार्चला चवदार तळ्याच्या सत्याग्रहाला शंभर वर्षं होतात. तयारीच्या बैठका सुरू झाल्या आहेत आणि त्या परंपरेप्रमाणे रात्री दहाला सुरू होऊन एकला संपतात. मी प्रस्ताव ठेवला की आमच्या वाडीची बैठक संध्याकाळी सहाला घेऊ, नऊला उठू. दोघे-तिघे कुरकुरले. पहिल्या बैठकीला अकरा बायका आल्या. याआधी सहा वर्षांत दोनच येत होत्या. त्यांतल्या एका मावशीने पाण्याच्या टँकरचा आणि बायकांच्या शौचालयांचा जो हिशेब मांडला, तो रात्री एकच्या बैठकीत आम्हा पुरुषांना कधी सुचला नव्हता.

तर बाबा, नाक्यावर विचारलंस त्याचं हे उत्तर. येत्या रविवारी सहाला विहारात ये. सतरंज्या घालायला माणूस कमी आहे.

जय भीम.